डॉ. ॲलेक्सिस कॅरेल : रक्तवाहिन्या शिवणारे शल्यविशारद

यकृतात वाढलेली गाठ काही वेळा अशा जागी असते की मोठ्या रक्तवाहिन्यांना ती चहूबाजूंनी वेढा घालून बसते. पोटात हात घालून ती काढू गेल्यास रक्तस्राव आवरत नाही. अशा मोजक्या रुग्णांच्या बाबतीत आजचे शल्यविशारद एक धाडसी मार्ग पत्करतात. ते संपूर्ण यकृत शरीराबाहेर काढतात, शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी थंड द्रवात ठेवून किंवा यंत्राला जोडून त्यातील गाठ काढून टाकतात आणि उरलेले निरोगी यकृत त्याच रुग्णाच्या शरीरात पुन्हा बसवतात. ही शस्त्रक्रिया दोन गोष्टींवाचून होऊच शकत नाही. कापलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा जोडता आल्या पाहिजेत आणि शरीराबाहेर काढलेला अवयव काही काळ जिवंत राखता आला पाहिजे. या दोन्ही विद्यांच्या आरंभी एकाच माणसाचे नाव येते. ते म्हणजे फ्रान्सचे डॉ. ॲलेक्सिस कॅरेल.

कॅथलिक वाचकांना हे नाव बहुधा वेगळ्याच संदर्भात परिचित असेल. लूर्ड्स येथे एका मरणासन्न तरुणीला अचानक बरी होताना पाहणारा नास्तिक डॉक्टर म्हणून त्यांची कथा अनेक प्रवचनांतून सांगितली जाते. ती कथा खरीच आहे. मात्र प्रवचनात ती जिथे संपते तिथे कॅरेल यांचे आयुष्य संपले नव्हते आणि पुढचा भाग सगळाच अभिमानाने सांगण्याजोगा नाही.

२८ जून १८७३ रोजी लियों शहरालगतच्या सेंत-फॉय-ले-लियों या गावी त्यांचा जन्म झाला. वडील कापडाच्या व्यवसायात होते. मुलगा जेमतेम पाच वर्षांचा असताना ते निवर्तले आणि विधवा आईने तीन मुलांना वाढवले. थोरल्या मुलाचे स्नानसंस्काराच्या वेळी ठेवलेले नाव वेगळे होते, परंतु पित्याच्या निधनानंतर त्याने पित्याचे ॲलेक्सिस हे नाव धारण केले. घर श्रद्धाळू होते आणि शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत झाले. तरीही वैद्यकाच्या अभ्यासाला लागेपर्यंत ती श्रद्धा बरीचशी झिजून गेली होती. जे मोजता येते आणि तपासता येते तेवढेच खरे, ही त्या काळच्या फ्रेंच विद्यापीठांतील हवा होती. तरुण कॅरेल तीच हवा श्वासात घेत होते.

२४ जून १८९४ च्या रात्री फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लियों शहरात आले असता कासेरियो नावाच्या इटालियन अराजकवाद्याने त्यांच्यावर सुरा चालवला. सुरा यकृतात शिरला आणि आतड्यांतील रक्त यकृताकडे नेणारी मोठी शीर, जिला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात, ती फाटली. शहरातील नामांकित शल्यविशारद उपस्थित होते, पण मध्यरात्र उलटते न उलटते तोच राष्ट्राध्यक्षांचा अंत झाला. त्या काळी फाटलेली मोठी शीर शिवण्याची खात्रीची पद्धतच नव्हती. शिवलेल्या जागी रक्ताची गुठळी धरे, नाही तर टाक्यांतून रक्त झिरपत राही. एकविशीत पाऊल टाकणाऱ्या या विद्यार्थ्याला ही असहायता सहन होईना. फाटलेले कापड जोडता येते तर फाटलेली शीर का जोडता येऊ नये, या विचाराने त्यांना घेरले.

लियों हे रेशमाचे शहर. तेथील भरतकाम सगळ्या युरोपात नावाजलेले. कॅरेल यांनी मादाम लेरुदिए या निष्णात भरतकाम करणाऱ्या बाईंकडे जाऊन धडे घेतले. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने कशिदा काढणाऱ्या बाईंपुढे सुई-दोरा घेऊन बसावे, हे त्यांच्या काही सहकाऱ्यांना चमत्कारिक वाटले असेल, पण शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक मोठा धडा तिथेच गिरवला गेला. अत्यंत बारीक सुया आणि व्हॅसलिन लावलेला रेशमी धागा त्यांनी वापरात आणला. गोल नळी शिवणे अवघड असते, कारण सुई समोरच्या भिंतीत शिरण्याची भीती असते. कॅरेल यांनी कापलेल्या दोन्ही कडा प्रथम तीन ठिकाणी समान अंतरावर टाके घालून जोडल्या. ते तीन धागे ताणताच गोल तोंडाचा त्रिकोण झाला आणि त्रिकोणाची प्रत्येक सरळ बाजू साधी कापडाची कड शिवावी तशी शिवता आली. टाके असे घालायचे की आतल्या गुळगुळीत अस्तराला अस्तर भिडावे. १९०२ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी रक्तवाहिन्या जोडण्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात एका सहकाऱ्याऐवजी लूर्ड्सला जाणाऱ्या रुग्णांच्या गाडीत डॉक्टर म्हणून जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. गाडीत मरी बायी नावाची तरुणी होती. तिचे आईवडील क्षयाने वारले होते आणि तिच्या पोटात क्षयाचा दाह पसरला होता. पोट टणक फुगलेले, नाडी मोजता येणार नाही इतकी जलद. ती टेबलावरच दगावेल या भीतीने लियोंच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेस नकार दिला होता. प्रवासात तिच्या वेदना शमवण्यासाठी कॅरेल यांनी तिला मॉर्फिन दिले. ती जिवंत पोहोचेल अशी त्यांना आशा नव्हती. २८ मे रोजी तिला गुंफेपाशी नेण्यात आले. झऱ्यात स्नान घालण्याजोगी तिची अवस्था नसल्याने तिच्या पोटावर तीन वेळा पाणी ओतण्यात आले. कॅरेल शेजारी उभे राहून वेळेसह नोंदी करत होते. थोड्याच वेळात चेहऱ्यावरची कळा बदलली, पोटाचा फुगवटा ओसरू लागला आणि संध्याकाळपर्यंत ती बोलू-खाऊ लागली. दुसऱ्या दिवशी ती उठून, कपडे करून बसलेली त्यांना आढळली. पुढे ती संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या धर्मभगिनींच्या संघात दाखल झाली आणि १९३७ साली निवर्तली.

आपल्या पुष्कळ धर्मग्रामांतून लूर्ड्सच्या गुंफेची प्रतिकृती आहे आणि ११ फेब्रुवारीला तिथे आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. म्हणून इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगणे अगत्याचे वाटते. पहिली ही की, ख्रिस्तसभेने अधिकृतपणे मान्य केलेल्या लूर्ड्सच्या चमत्कारांच्या यादीत मरी बायीचा समावेश नाही. ख्रिस्तसभेचे निकष कडक असतात आणि ते तसेच असावेत. दुसरी ही की, कॅरेल त्या दिवशी गुडघे टेकून श्रद्धावंत झाले नाहीत. आपण जे पाहिले ते नाकारायचे नाही आणि ज्याचा अर्थ लागत नाही त्याला घाईने नावही द्यायचे नाही, अशी त्यांची भूमिका राहिली. परिणामी दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिला. श्रद्धावंतांना ते फार संशयी वाटले, तर डॉक्टरांना भोळसट. लियोंच्या वैद्यकीय वर्तुळातील त्यांचे दार बंद झाले, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण शल्यविशारदाच्या पदासाठीच्या स्पर्धापरीक्षेतही त्यांना यश आले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. या प्रवासाची हकीकत त्यांनी काल्पनिक नावांनी लिहून ठेवली. तिच्यातील डॉक्टरचे नाव लेरॅक, म्हणजे कॅरेल हेच नाव उलट वाचलेले. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ साली छापली गेली.

१९०४ साली ते मायदेश सोडून कॅनडातील मॉन्ट्रियल येथे गेले. वैद्यक सोडून गुरे पाळावीत असाही विचार त्यांच्या मनात होता. परंतु लवकरच शिकागो विद्यापीठात चार्ल्स गथ्री यांच्यासोबत त्यांना काम मिळाले आणि दोन वर्षांत दोघांनी मिळून आश्चर्य वाटावे इतके प्रयोग केले. कुत्र्याचे मूत्रपिंड, थायरॉइड ग्रंथी, एवढेच नव्हे तर हृदयही काढून दुसरीकडे जोडण्यात आले. पुढे मानसन्मान कॅरेल यांच्या वाट्याला आले आणि गथ्री यांचे नाव मागे पडले, हे न्याय्य झाले असे म्हणवत नाही. १९०६ साली कॅरेल न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले.

येथील प्रयोगांत त्यांच्या ध्यानात एक महत्त्वाची बाब आली. प्राण्याचे स्वतःचेच मूत्रपिंड काढून त्यालाच परत जोडले तर ते दीर्घकाळ उत्तम चालते. दुसऱ्या प्राण्याचे जोडले तर टाके निर्दोष असूनही ते काही दिवसांत निकामी होते. म्हणजे अडचण सुईदोऱ्याची नव्हती, शरीर परक्याला ओळखते आणि नाकारते ही होती. या अडथळ्यावर औषधे सापडायला आणखी अर्धे शतक जावे लागले. परंतु सुरुवातीला ज्या यकृताच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख केला, तिचे मर्म याच निरीक्षणात आहे. रुग्णाचे स्वतःचेच यकृत परत बसवले जात असल्याने शरीर ते नाकारत नाही.

१९०८ सालची एक घटना त्यांच्या हातातील कसब दाखवते. न्यूयॉर्कमधील एका डॉक्टरांच्या नवजात कन्येचा रक्तस्राव थांबत नव्हता. रात्री कॅरेल यांना घरी बोलावून नेण्यात आले. अमेरिकेत रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, तरी त्यांनी पित्याच्या मनगटातील धमनी बालिकेच्या पायातील कोवळ्या शिरेला टाके घालून जोडली. पित्याचे रक्त थेट तिच्या शरीरात वाहू लागले आणि पांढरेफटक पडलेले बाळ गुलाबी झाले. ते बाळ जगले.

१९१२ साली रक्तवाहिन्या जोडण्याच्या व अवयव प्रत्यारोपणाच्या कार्यासाठी त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९१३ साली ॲन द ला मोत या विधवा परिचारिकेशी ते विवाहबद्ध झाले. तिची त्यांची ओळखही लूर्ड्स येथेच झाली होती. पहिल्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात रुजू झाले आणि कोंपिएन्य येथील इस्पितळात हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञासह जखमा धुण्याची पद्धत त्यांनी बसवली. सडलेल्या जखमांत रबराच्या नळ्यांतून सौम्य जंतुनाशक द्रव ठरावीक वेळाने सोडण्याच्या या पद्धतीने असंख्य सैनिकांचे हातपाय आणि प्राण वाचले. प्रतिजैविके त्या वेळी कोणाला ठाऊकही नव्हती.

त्यांचा प्रत्येक दावा काळाच्या कसोटीस उतरला असे मात्र नाही. १९१२ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा त्यांनी काचपात्रात वाढवायला घेतला आणि त्या पेशींची वाढ १९४६ पर्यंत चालू ठेवण्यात आली. पेशी अमर असतात असा समज त्यातून रूढ झाला. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक यांनी सामान्य पेशी ठरावीक वेळाच विभागतात असे दाखवून दिले आणि कॅरेल यांचा तो निष्कर्ष टिकला नाही.

यंत्राची कथा सुरू झाली ती १९३० साली. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग यांच्या मेहुणीला हृदयाच्या झडपेचा विकार होता. हृदय थांबवून त्याची दुरुस्ती का करता येत नाही, हा प्रश्न ते डॉक्टरांना विचारत होते. उत्तर शोधत ते कॅरेल यांच्यापर्यंत पोहोचले. कॅरेल यांना वेगळीच अडचण भेडसावत होती. काढलेल्या अवयवातून पोषक द्रव खेळता ठेवणारे यंत्र त्यांना हवे होते, पण तोपर्यंतच्या प्रत्येक पंपात जंतू शिरत आणि अवयव नासून जाई. लिंडबर्ग यांनी अनेक वर्षे खटपट करून संपूर्ण काचेचा पंप बनवला. वरच्या कोनाड्यात अवयव ठेवायचा, त्याची धमनी बारीक नळीला जोडायची आणि वायूच्या कमी-अधिक दाबाने खालचा द्रव नाडीच्या ठोक्यांप्रमाणे वर चढवायचा. आत येणारा वायू कापसातून गाळला जाई, त्यामुळे जंतूंना वाट मिळत नसे. एप्रिल १९३५ मध्ये मांजराची थायरॉइड ग्रंथी या पंपात १८ दिवस जिवंत राहिली. वृत्तपत्रांनी त्याला कृत्रिम हृदय ठरवून टाकले, जे ते नव्हते. शरीराबाहेरच्या अवयवाला जगवणारे ते जंतुमुक्त घर होते. १९३८ साली दोघांनी मिळून या विषयावर ग्रंथ लिहिला.

यकृताला असे घर मिळायला मात्र फार काळ जावा लागला. या अवयवाला रक्त दोन वाटांनी येते. धमनीतून थोडे आणि कार्नो यांच्या शरीरात फाटलेल्या त्याच पोर्टल शिरेतून सुमारे तीन चतुर्थांश. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्यातून वाहते. ते थांबले की यकृताच्या पेशी झपाट्याने मरू लागतात. थंड केल्याने त्यांची भूक मंदावते, पण थांबत नाही. १९६३ साली थॉमस स्टार्झल यांनी अमेरिकेत पहिले मानवी यकृत प्रत्यारोपण केले, तेव्हापासून बर्फ हाच मुख्य आधार होता. १९८८ साली जर्मनीतील हानोव्हर येथे रुडॉल्फ पिख्लमायर यांनी यकृत बाहेर काढून, गाठ छाटून परत बसवण्याचा मार्ग खुला केला. त्यातही सगळी भिस्त थंडाव्यावर आणि शल्यविशारदाच्या वेगावर होती. घड्याळ सतत पुढे धावत असे.

२०१३ साली लंडनमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बनवलेल्या यंत्रात शरीराच्या तापमानाला रक्त खेळवून ठेवलेले यकृत प्रथमच रुग्णाला बसवण्यात आले. त्यात रक्ताला प्राणवायू मिळतो, यकृत पित्त तयार करते आणि ते कितपत ठीक आहे हे बसवण्याआधीच कळते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत यंत्रात ठेवलेल्या यकृतांना झालेली इजा बर्फात ठेवलेल्यांपेक्षा निम्मी आढळली. २०२१ साली झुरिक येथे पिएर-अलॅन क्लाव्हियां आणि सहकाऱ्यांनी, इतर केंद्रांनी नाकारलेले एक यकृत यंत्रात तीन दिवस जगवले. त्यातील संशयास्पद गाठीची तपासणी आणि जंतुसंसर्गावर उपचार करायला त्यामुळे अवधी मिळाला. नंतर ते यकृताच्या कर्करोगाने ग्रस्त असलेल्या एका रुग्णाला बसवण्यात आले. अलीकडे गाठ काढण्यासाठी बाहेर घेतलेल्या यकृतालाही शस्त्रक्रिया चालू असतानाच यंत्राने प्राणवायूयुक्त द्रव देण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यामुळे शल्यविशारदाच्या हाताला थोडी उसंत मिळते.

१९३५ साली, पंपाच्याच वर्षी, कॅरेल यांचे मानवाविषयीचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. शरीर व आत्मा यांना तोडून पाहू नये, प्रार्थनेच्या सामर्थ्याचा शास्त्राने विचार करावा, असे त्यात पुष्कळ आहे आणि त्यामुळे ते कॅथलिक घरांतूनही वाचले गेले. परंतु त्याच पुस्तकात माणसांचे सबळ व दुर्बळ असे वर्ग पाडले आहेत, निवडक वंशवृद्धीचा पुरस्कार केला आहे आणि गंभीर गुन्हेगारांना, तसेच गुन्हा करणाऱ्या वेड्यांना वायूने संपवावे अशी सूचनाही आहे. १९३६ च्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत तेथील नाझी सरकारने या दिशेने उचललेल्या पावलांची त्यांनी वाखाणणी केली. पोप पायस अकरावे यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या परिपत्रकात सक्तीच्या निर्बीजीकरणाचा निषेध केला होता. म्हणजे ख्रिस्तसभेची शिकवण अज्ञात होती, असे म्हणण्यास वाव नाही. हे सारे त्या काळच्या अनेक सुशिक्षितांचे मत होते, हा बचाव नेहमी केला जातो. प्रस्तुत लेखकाला तो पुरेसा वाटत नाही. क्षयाने पोखरलेल्या घराण्यातील, पैसा व प्रकृती दोन्ही नसलेली मरी बायी या वर्गवारीत कुठे बसली असती, हा प्रश्न तिची नाडी हातात धरलेल्या माणसाला पडायला हवा होता.

१९३९ च्या सुमारास रॉकफेलर संस्थेतून ते निवृत्त झाले. १९४१ साली ते युद्धग्रस्त फ्रान्समध्ये परतले आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये विशी सरकारने त्यांच्यासाठी मानवी प्रश्नांच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली. बालकांचा आहार, लोकसंख्या, कामगारांचे आरोग्य असे विषय तिथे अभ्यासले जात. युद्धानंतर फ्रान्सची राष्ट्रीय लोकसंख्या संस्था तिच्यातूनच उभी राहिली. मात्र ती जर्मनांपुढे झुकलेल्या सरकारची संस्था होती, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतील म्युन्स्टरचे बिशप फोन गालेन यांनी मनोरुग्णांच्या सरकारी हत्यांविरुद्ध व्यासपीठावरून जाहीर आवाज उठवला होता. २००५ साली ते धन्यवादित म्हणून घोषित झाले.

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले आणि कॅरेल यांना पदावरून दूर करण्यात आले. शत्रूशी सहकार्य केल्याचा आरोप त्यांच्यावर होता, पण चौकशी पूर्ण होण्याआधीच हृदयविकाराने त्यांना गाठले. ब्रिटनीतील बोकें मठाचे जीर्णोद्धारक दों ॲलेक्सिस प्रेस हे शेवटच्या वर्षांत त्यांचे स्नेही झाले होते. या मठाधिपतींच्या सहवासात त्यांची बालपणीची श्रद्धा परतली होती. अखेरचे पवित्र संस्कार घेऊन ५ नोव्हेंबर १९४४ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, पॅरिस येथे त्यांनी देह ठेवला. ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळील सेंत-जिल्दास या त्यांच्या बेटावरील छोट्या प्रार्थनालयात त्यांचे दफन झाले.

लियों विद्यापीठाने १९६९ साली आपल्या एका वैद्यक विद्याशाखेला त्यांचे नाव दिले होते. पुस्तकातील विचारांवरून वाद उठल्यावर १९९६ साली ते नाव काढून तिथे स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांचे नाव लावण्यात आले. शस्त्रक्रिया शिकणारे विद्यार्थी धमनीच्या कडांना तीन टाके घालून तिचा त्रिकोण करण्याची रीत मात्र अजूनही शिकतात.